हातातलं आधी घ्यायचं

“वर येऊ नकोस आई. इथूनच परत जा.”

लेक दवाखान्यातल्या जिन्याखालच्या बाकावर बसली होती. मांडीवर डबा, डब्याला टॉवेल गुंडाळलेला. भेटीची वेळ दुपारची, आणि बाईसाहेब सकाळपासूनच येऊन बसलेल्या. तिची आई, म्हणजे मावशी, काही वर चालली नव्हती. ती दवाखान्याच्या लाँड्रीतून लेकीसाठी फक्त चहा घेऊन आली होती. पण जिना चढणं सोडाच, जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही, असा लेकीनं तिला दम भरलेला होता.

मावशीनं चहा बाकाच्या कडेला ठेवला आणि वर वॉर्डात असलेल्या जावयाला रात्री झोप लागली का म्हणून विचारलं. लागली, लेक म्हणाली. आज ताप नाही. छातीतलं पाणीही कमी झालंय, डॉक्टर काल हसून बोलले. मग तिचा आवाज जरा उतरला.

“तू दिसलीस की वॉर्डातली माणसं दचकतात, आई. तोही दचकेल. त्याला माहितीये तू काय करायचीस ते.”

मावशीनं मान हलवली आणि आली तशी परत फिरली. हेच तिला गेलं वर्षभर जमत होतं, मान हलवणं आणि परत फिरणं.

दवाखान्यात तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे तार. ज्यांनी जन्मात कधी तार पाहिली नाही ती कालची पोरंही तारच म्हणत. तार दारात आली म्हणजे कुणीतरी गेलं, एवढं त्यांना घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकून ठाऊक होतं. माणूस गेल्याचं त्याच्या घरच्यांना सांगायचं काम खरं तर डॉक्टरांचं. पण नेमकं त्याच वेळी डॉक्टरांना दुसरीकडे जायचं असतं, आणि सिस्टरांना सलाइन बदलायचं असतं, आणि वॉर्डबॉयचं तर विचारूच नका, तो भिंतीत विरघळून जातो. उरायची ती फरशी पुसणारी मावशी. मोठ्या सिस्टर दारातून नुसती नजर टाकायच्या, आणि मावशी फडकं बादलीत टाकून, हात धुऊन, बाकावरच्या माणसाकडे जायची.

तिची एक पद्धत होती. आधी समोरच्याच्या हातात जे असेल ते काढून घ्यायचं. पिशवी, पाण्याची बाटली, फळं, औषधं, काही असो. “द्या इकडे,” एवढंच म्हणायची. माणसं मुकाट्यानं देऊन टाकत, का ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. मग शेजारी बसायचं आणि सरळ सांगायचं की तुमचा भाऊ गेला, तुमची आई गेली. सिरीयस आहे, प्रयत्न चालू आहेत, असलं गोल गोल काही नाही. आणि एकदा सांगितलं की तिथून हलायचं नाही, समोरचा आपण होऊन जा म्हणेपर्यंत. तोवर घेतलेली वस्तू आपल्याच हातात धरून बसायचं.

ही पद्धत तिला कुणी शिकवली नव्हती. तरुणपणी ती याच दवाखान्यात नवऱ्यासाठी दूध घेऊन आली होती, काचेच्या बाटलीत. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताला नुकती चालायला लागलेली लेक, पाय उघडे. खिडकीमागच्या कारकुनानं मानही वर न करता सांगितलं की ती खाट रिकामी झाली, शवागारात चौकशी करा. बाटली हातातून निसटली. लेकीच्या तळव्यात काच घुसली. नवरा गेल्याचं रडू राहिलं बाजूला, ती त्याच दवाखान्यात पोरीचा पाय शिवून घेत बसली. पोरगी किंचाळत होती आणि डॉक्टर तिलाच ओरडत होते, लहान मुलाला धरता येत नाही का म्हणून.

त्या दिवशी तिनं देवाला सोडलं नाही. तोंडाला येईल ते बोलली.

पुढे पोटासाठी तिथेच सफाईच्या कामाला लागली, आणि एका सकाळी तिला बाकावर एक म्हातारा दिसला. बायकोला घरी न्यायचं म्हणून नव्या चपला घेऊन आला होता. बायको पहाटेच गेलेली. सगळ्यांना माहीत, आणि सगळे त्याला वळसा घालून जात होते. म्हाताऱ्यानं मावशीलाच विचारलं, तिला दुसऱ्या खोलीत हलवलंय का हो? तेव्हा काय झालं ते मावशीला कधी नीट सांगता आलं नाही. देव कानात बोलला असं ती म्हणायची नाही. पोटात कुणीतरी बोट टेकवल्यासारखं झालं, एवढंच म्हणायची. तिनं त्याच्या हातातल्या चपला घेतल्या, शेजारी बसली आणि सांगितलं. म्हाताऱ्यानं तिच्या हातातली एक चप्पल ओढून घेऊन तिच्याच तोंडावर मारली. आणि मग संध्याकाळपर्यंत तिच्या कामाच्या झग्याची बाही मुठीत धरून बसला. ते आपल्याला देवानं नेमून दिलेलं काम आहे, हे तिनं तेव्हा ओळखलं. खूश होऊन नव्हे. देवावर तिचा विश्वास होता, प्रेम होतंच असं नाही.

वर्षानुवर्षं ती ते करत राहिली. शिव्या खाल्ल्या, ढकलून घेतलं, एका बाईनं तर दंडाला चावा घेतला. गल्लीत ती कुणाच्या दारात उभी राहिली की आतल्या बाईचा चेहरा पडायचा, आणि मावशीला घाईघाईनं सांगावं लागायचं की अहो काही नाही, साखर मागायला आलेय. यावर ती स्वतःच हसायची. लेक हसायची नाही.

लेकीच्या लग्नात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. सगळे जेवायला बसले होते, मावशी आग्रह करत फिरत होती. वराकडच्या एका बाईनं मान वर केली, मावशीला पाहिलं, आणि तिचा घास हातातच राहिला. पूर्वी तिच्या धाकट्या भावाचं मावशीनंच सांगितलेलं. ती बाई भरल्या ताटावरून उठून गेली. विहीणबाईंनी चौकशी केली, आणि तार हा शब्द मांडवातल्या शेवटच्या पंगतीपर्यंत जाऊन पोहोचला. पाठवणीच्या वेळी लेक गळ्यात पडली, पण कानात जे बोलली ते वेगळंच होतं. “हे काम सोड आई. नाहीतर माझ्या घरी येऊ नकोस.”

मावशीनं काम सोडलं. देवाला न विचारता लाँड्रीत बदली मागून घेतली. लाँड्री मागच्या इमारतीत, तळघरात. यंत्रांचा घरघराट असा की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. तिला वाटलं होतं, इथे तो काय बोलणार आणि मला काय ऐकू येणार.

पण लाँड्रीतही एक पद्धत होती. ज्या खाटेवरचं माणूस गेलं तिच्या चादरी दुहेरी गाठ मारून खाली पाठवायच्या, म्हणजे त्या वेगळ्या, कढत पाण्यात धुतल्या जातात. बाकीच्यांना एकेरी गाठ. वर बाकावर बसून कुणीतरी अजून संत्रं सोलत असायचं, आणि इथे तळघरात मावशी दुहेरी गाठ सोडत असायची. घरच्यांच्या आधी आता तिला कळायचं. आणि सांगायचं नसायचं. पहिल्यांदा ते जड गेलं, मग तिनं गाठीकडे न बघता गाठ सोडायची सवय लावून घेतली.

ती गेल्यावर वर सांगायला कुणी उरलं नाही. एक आई मुलासाठी सूप घेऊन थेट खाटेपाशी गेली. खाटेवर दुसराच कुणी तोंडावर पांघरूण घेऊन झोपला होता. तिनं पांघरूण लाडानं ओढलं, ऊठ बाळा म्हणाली, आणि खालचा अनोळखी चेहरा बघून सगळं सूप त्या बिचाऱ्याच्या अंगावर सांडलं. तो पोळला म्हणून बोंबलायला लागला, ती का बोंबलते ते कुणाला कळेना. कँटीनमध्ये हा किस्सा आठवडाभर चालला, लोक हसून हसून सांगायचे. सूप सांडलेली चादर मावशीकडेच धुवायला आली, एकेरी गाठीची, कारण अंगावर सूप पडलेला जिवंत होता. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पोटात बोट होतं. तिनं यंत्रात आणखी कपडे कोंबले आणि ते सुरू केलं.

तर त्या दिवशी लेकीजवळ चहा ठेवून ती खाली आली, तेव्हा गाड्यावर एक गाठोडं नुकतंच येऊन पडलं होतं. दुहेरी गाठ. तिनं सवयीनं, न बघता ती सोडली. चादर झटकली, दुसरी झटकली, आणि त्यातून पिवळा अभ्रा जमिनीवर पडला.

दवाखान्याचे अभ्रे पांढरे असतात. हा तिनं स्वतः शिवलेला होता, लेकीच्या लग्नासाठी. कोपऱ्यात दोन हिरवी पानं काढलेली, एक पान जरा तिरकं, कारण भरतकाम तिला कधी धड जमलं नाही. लेकीच्या सासरी तिच्या हातची वापरात असलेली वस्तू ही एवढीच. जावयाला दवाखान्याच्या उशीवर झोप येत नव्हती म्हणून लेकीनं तो घरून आणला होता. मावशीनं तो उचलून नाकाशी धरला. अभ्र्याला अजून जावयाच्या केसांचा वास होता.

तिनं भिंतीवरचा फोन उचलून वर लावला. मोठ्या सिस्टर धावपळीत होत्या. मघाशीच गेला गं, म्हणाल्या, एकाएकी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. तेवढ्यात अपघाताची माणसं आली, डॉक्टर तिकडे पळाले, खाट लागत होती. त्याच्या भावाला फोन लावतोय, तो उचलत नाही.

“गेट उघडायच्या आत कुणी सांगेल का तिला?” मावशीनं विचारलं.

सिस्टर म्हणाल्या, “माणसं नाहीत गं मावशी.”

इस्त्रीवाले काका हे सगळं बघत उभे होते. तसे दिवसभर ते तोंडातून शब्द काढत नसत, पण आज इस्त्री उभी करून जवळ आले. “जाऊ नकोस तू,” ते तिच्या कानाशी ओरडले. यंत्र चालू होतं, ओरडावंच लागलं. “दुसऱ्या कुणाकडूनही कळू दे. तुझ्याकडून कळलं तर पोरगी जन्मात तुझं तोंड बघणार नाही.”

काका काही चुकीचं बोलत नव्हते. मावशी लेकीला ओळखून होती. आई आली म्हणून नवरा गेला, असंच ती धरून बसणार. आणि आई नाही आली तर ती भेटीच्या वेळी उड्या मारत वर जाणार, खिडकीजवळच्या खाटेपाशी, डब्याचा टॉवेल सोडत. तिथे पांघरूण घेऊन दुसरंच कुणी असणार.

मावशीनं अभ्रा हातात घट्ट पिळला आणि ती देवाला बोलली. मोठ्यानं बोलली, तिथे कोण ऐकणार होतं. तुझ्याकडे दुसरं माणूसच नाही का, म्हणाली. एवढी मोठी दुनिया तुझी, त्यात एक तोंड नाही तुला मिळत? माझा नवरा नेलास तेव्हा मला सांगायला एक धड माणूस ठेवला नाहीस. आता पोरीचा नवरा नेलास आणि मीच सांगू? मी हिच्यासाठीच तुझं काम टाकून पळाले, आणि तू मला हिच्याच पुढ्यात आणून उभी करतोस. लाज कशी वाटत नाही तुला?

यंत्र फिरत राहिलं. सगळं ठीक होईल, लेक उद्या तुला समजून घेईल, असलं काही तिला आतून वाटलं वगैरे नाही. पोटातलं बोट तेवढं होतं, जिथे होतं तिथेच. त्यातून तिला एवढंच कळलं की हे सांगितल्याबद्दल तिला काही मिळणार नाही, आहे तेसुद्धा जाईल, आणि तरी जायचंय. मग तिनं अभ्रा घडी करून शेल्फवर ठेवला, हात साबणानं धुतले, पुसले.

“चल,” ती म्हणाली. “पण बरोबर ये माझ्या. मला एकटीला सोडू नकोस तिथे.”

काकांना वाटलं आपल्याला म्हणाली. ते मान खाली घालून परत इस्त्रीकडे गेले.

जिन्याखाली आता गर्दी झाली होती. गेट उघडायची वेळ होत आली होती आणि डबेवाले, पिशव्यावाले नातेवाईक रांगेत उभे राहिले होते. लेक पुढेच होती, डबा दोन्ही हातांत. चहा बाकाच्या कडेला होता तसाच, साय धरलेला. तिनं मावशीला लांबूनच येताना पाहिलं. एरवीची मावशी खांदे पाडून, भिंतीकडेनं चालायची. ही मधून येत होती, ओले हात बाजूला धरून. लेकीनं ही चाल लहानपणी पाहिली होती. शाळा सुटल्यावर ती याच बाकावर बसून अभ्यास करायची आणि आई लोकांकडे अशी चालत जाताना बघायची.

“आई, तिथेच थांब,” ती म्हणाली.

मावशी थांबली नाही. जवळ आली आणि हात पुढे केले.

“दे इकडे.”

लेकीनं डबा छातीशी ओढला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज हळू होता, एखाद्या हट्टी मुलाची समजूत काढावी तसा. “नाही. हे तू लोकांशी करतेस. माझ्याशी नाही करायचं. तू लाँड्रीत जा परत. तू आत्ता गेलीस ना, तर काही झालेलं नसेल. मी पाठ करते तुझ्याकडे, मी तुला पाहिलंच नाही. जा ना गं आई.”

आणि तिनं खरोखरच पाठ केली. मावशीला तेव्हा वाटलं, जावं. उभ्या आयुष्यात लेकीनं एवढ्या काकुळतीनं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि हे देणं तिच्या हातात होतं. नुसतं वळायचं. तेवढ्यात वर घंटा वाजली आणि पहारेकऱ्यानं गेटची कडी काढली. रांग सरकली. लेकीनं पायरीवर पाय ठेवला.

मावशीनं तिच्या डब्यावर हात ठेवले. डबा सुटेना. दोघींचे चारही हात त्यावर, आणि रांगेतली माणसं बाजूनं वर चाललेली.

“तो गेला, बाळा,” मावशी म्हणाली. “मघाशी गेला. वर जाऊ नकोस, खाटेवर दुसरं माणूस आहे.”

लेक किंचाळली नाही. पायरीवरचा पाय तिनं खाली घेतला. डब्यावरची बोटं पांढरी झाली होती, पण ढिली झाली नाहीत. तिनं मावशीचे हात एकेक करून डब्यावरून काढले, टॉवेल नीट केला आणि डबा पुन्हा छातीशी धरला.

“बघ,” ती म्हणाली. “मी नाही पाडला.”

मावशीची नजर आपोआप लेकीच्या पायाकडे गेली. सपाता होत्या पायात. जखमेचा वण तळव्याला होता, तो काही दिसला नाही.

“आता जा,” लेक म्हणाली.

समोरच्यानं जा म्हणेपर्यंत थांबायचं, हा नेम मावशीनंच घातलेला. कुणी तासाभरानं जा म्हणायचं, कुणी संध्याकाळी. इतक्या लवकर अजून कुणी म्हटलं नव्हतं. तिला बसायचं होतं. बाकावर, जमिनीवर, कुठेही. बाही धरून ठेव म्हणायचं होतं, मार म्हणायचं होतं. ती लेकीकडे बघत राहिली, आणि लेकीनं ते शब्द पुन्हा म्हटले, या वेळी “आई” न म्हणता, एखाद्या परक्या बाईला सांगावं तसे. मग अखेर फोन लागलेला तिचा दीर फाटकातून धावत आला. लेक त्याच्याबरोबर शवागाराच्या बाजूला वळली, डबा घेऊनच. कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर तिनं आईला घरी कधी बोलावलं नाही, आणि तो अभ्राही परत मागितला नाही.

मावशी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. लाँड्री एका बाजूला, जिना समोर. तिनं कठड्याला धरलं आणि ती जिना चढू लागली. इतकी वर्षं त्या जिन्यावर ती कुणाच्या तरी वस्तू सांभाळत वर-खाली गेली होती. आज हात रिकामे होते.

वरच्या बाकावर एक माणूस बसला होता. अपघातवाल्यांपैकी असावा, शर्टाला माती होती. हातात बायकांचा चष्मा होता आणि तो शर्टाच्या टोकानं काचा पुसत होता, पुन्हा पुन्हा, डाग नसताना. मोठ्या सिस्टर दारात आल्या. मावशीला बघून त्या चरकल्या, काहीतरी बोलायला गेल्या, आणि मग त्यांची नजर नकळत त्या माणसाकडे वळली.

त्यानं मावशीला विचारलं, तुम्ही इथल्याच का? जाग आली की तिला चष्मा लागतो हो, त्याशिवाय काही दिसत नाही, तेवढा आत नेऊन द्याल का.

“इथलीच,” मावशी म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली. “द्या इकडे.”

त्यानं चष्मा लगेच देऊन टाकला.